चौथं पान

देवरेनानांसमोर ‘अशक्तपणा’ हा शब्द कुणी सहज उच्चारला, की ते हातातलं काम बाजूला ठेवून विचारत, “कोणत्या प्रतीचा?”

सातपूरच्या आमच्या कारखान्यात नाना स्टोअर सांभाळत. नटबोल्ट मापानुसार खणांत ठेवावेत, तसे ते शब्दही ठेवत. स्वतःचं वजन बेचाळीस किलो. वाऱ्याच्या दिवशी खिशात चार नट टाकूनच ते गेटबाहेर पडतात, असं कामगार म्हणत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन आले आणि मी, तेव्हाचा नवा इंजिनिअर, सर्वांदेखत म्हणालो, “आलं बघा पाप्याचं पितर!”

टेबल हसलं. नानांनी शांतपणे डबा उघडला.

“खण चुकला, साहेब. लुकडा जन्मतःच लुकडा. त्यात कुणाचा दोष नाही. मरतुकडा खाऊनपिऊन मरतुकडा. दोष त्याच्या पोटाचा. पण पाप्याचं पितर उपाशी असतं. पापी मुलगा श्राद्ध घालत नाही, पितराला घास मिळत नाही, ते वाळत जातं. म्हणजे शिवी बसली माझ्या मुलाला. आणि मला मूलबाळ नाही. नेम हुकला तुमचा!”

सगळ्यांत मोठ्याने नानाच हसले. नाव मात्र निवृत्तीपर्यंत त्यांना चिकटून राहिलं. त्यांच्या त्या हसण्याला मी क्षमा समजलो. ती माझी सोय होती.

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला मी त्यांच्या घरी गेलो, तो पेन्शनसाठी लागणारा हयातीच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन. कावळ्याचा घास गच्चीवर ठेवून झाला होता. स्वयंपाकघरात चार पानं मांडलेली. नाना एकटेच वाढत होते.

“हे वडिलांचं, हे आईचं, हे माझ्या बायकोचं, सुमनचं.”

“आणि चौथं?”

“माझं. माझ्यामागे वाढणारं कोणी नाही. म्हणून दरवर्षी आगाऊच जेवून घेतो. तेवढीच बेगमी!”

ते हसले. मला हसता आलं नाही. माझा नेम हुकला नव्हता, हे इतक्या वर्षांनी मला कळलं.

मी हात धुतले आणि त्यांच्या हातातला डाव घेतला. “बसा नाना, मी वाढतो. आणि तुमच्यामागेही दरवर्षी, माझ्या वडिलांच्या पानाशेजारी तुमचं पान असेल. शब्द देतो.”

“तुमचे शब्द मला ठाऊक आहेत, साहेब.”

“तो मागे घेतो. हा ठेवून घ्या.”

नानांनी पाट ओढला. मग त्यांनी मांडी घातली. पाच वाट्या खीर आणि अकरा वडे. बाराव्याला मीच घाबरलो. हात धुताच त्यांनी त्या दिवशी टेबलावर हसलेल्या जुन्या फोरमनला फोन लावला, आणि शहरात जन्मभर जपलेली त्यांची प्रमाण भाषा पहिल्यांदाच सुटून त्यांच्या गावच्या, नामपूरच्या अहिराणीत पोचली.

“देवरे बोलतोय! लिहून घे, माझा खण बदलला. आजपासून मी लुकडा शे, लुकडा!”