वरून आलेला फोन

आसेगावच्या जगदेवने बायकोच्या मोबाइलमधलं दुसरं सिमकार्ड काढलं, तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. (त्याच्या मनात पाप कधीच नसतं. डोक्यातही काही नसतं, असं वर्षाराणीचं मत.) एका बाईला दोन नंबर लागतात कशाला, एवढाच त्याचा सवाल.

सिम हवं होतं ड्रोनला. खताच्या दुकानातली कारकुनी सांभाळून, चार महिने खपून त्याने तो जुळवला होता. रिमोटवरचा ड्रोन गल्लीच्या टोकालाच मान टाकायचा. मोबाइलच्या नेटवरचा थेट शिवारापर्यंत जातो म्हणे. म्हणून त्याने ड्रोनच्या पोटाला एक जुना मोबाइल बांधला, आणि त्याला भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तसला भोंगा जोडला. आपण खालून फोन लावायचा, वरच्या मोबाइलने तो आपोआप उचलायचा, आणि आभाळातून "हाऽट" ऐकून पिकातल्या माकडांनी पळायचं, अशी योजना.

रविवारी सकाळी ड्रोन उडाला. घराच्या स्लॅबवर चढला आणि जगदेवने फोन लावायच्या आधीच बोलायला लागला.

"नमस्कार, वर्षाराणी ना? मी मानोऱ्याहून बोलतेय, मुलींच्या वसतिगृहातून. वॉर्डनच्या जागेसाठी तुमचा अर्ज आहे. आत्ताच मुलाखत घेतली तर चालेल?"

सगळी गल्ली बाहेर आली. वर्षाराणी कणकेच्या हातांनी आली. ज्या फोनची ती पंधरा दिवस वाट पाहत होती, तो तिच्या डोक्यावर भिरभिरत होता.

"अहो, माहं सिम तिथं काहून गेलं?"

"उतरवतो ना," म्हणत जगदेव बटणं दाबत सुटला. पण फोन आला की त्या जुन्या मोबाइलचं नेट बंद, आणि नेट बंद पडलं की ड्रोन आहे तिथेच उभा. हे ज्ञान त्याला त्याच क्षणी झालं.

"मंग मी वर चढून फोन कट करू काय?"

"हात तं लावून पाहा," वर्षाराणी म्हणाली आणि स्वतःच जिना चढली.

ड्रोन स्लॅबच्या कडेला, घरामागच्या विहिरीच्या बाजूला, तिच्यापासून हातभर उंच राहिला होता. तिने मान वर करून खड्या आवाजात शिक्षण सांगितलं, अनुभव सांगितला. शेजारच्या रामीबाईने खालूनच शिफारस केली, "घ्या बाई तिले, लय गुणाची हाय."

"तुमच्याकडे पंखा फार वाजतो," भोंगा म्हणाला.

"हो म्याडम, इकडं गरमीच लय हाय."

तेवढ्यात ड्रोनचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि जगदेवचा धीर सुटला. "वर्षे, आवर लवकर! बॅटरी संपून राह्यली! विहिरीत पडन तो!"

भोंगा म्हणाला, "शेवटचा प्रश्न. चाळीस मुली सांभाळायच्या आहेत. कुणी गोंधळ घातला, तर डोकं शांत ठेवता येईल?"

"म्याडम, हे जे खालून ओरडून राह्यले ना," वर्षाराणी म्हणाली, "त्यायच्यासंगं अकरा वर्सं संसार केला."

"सोमवारपासून या," भोंगा म्हणाला, आणि ड्रोन सिमसकट विहिरीत गेला.

नोकरी आपल्यामुळेच लागली, असं जगदेव आजही चारचौघांत सांगतो. वर्षाराणी कधी नाही म्हणत नाही.