फिलोमिनाताईंची पांढरी साडी

आमच्या मलकापूरच्या साडीच्या दुकानात फिलोमिनाताई खोटं बोलल्या की एका चिंधीला गाठ मारतात. दुकान म्हटलं की थोडं खोटं आलंच. 'रंग जाणार नाही' म्हटलं, एक गाठ. 'हा शेवटचाच पीस आहे' म्हटलं, दुसरी. त्यांच्या चर्चमध्ये फादर महिन्यातून एकदाच येतात. पापं सांगून मोकळं व्हायचं तर तोवर ती लक्षात राहायला हवीत, म्हणून ही सोय. लग्नसराईत एक चिंधी पुरत नाही.

मी त्याच काउंटरवर सतरा वर्षं उभा आहे. एकदा सहज म्हणालो, ताई, माझ्या नावाची पण एखादी गाठ मारत जा. त्या अगदी गंभीर झाल्या.

"मी इचारलं होतं फादरले. दुसऱ्याचं चालत नाही म्हणे. तुमाले सोता याव लागन."

गाठी वाचवायला ताई शक्यतो खरंच बोलतात आणि तिथे शेटजींचा जीव खालीवर होतो. 'खरं सांगू का बाई?' एवढं कानावर आलं की ते गल्ल्यावरून खाकरायला लागतात. वरवट बकाल गावच्या एका बाईंनी मुलीसाठी पिवळा शालू जवळजवळ पक्का केला होता. ताई म्हणाल्या, "खरं सांगू का बाई? याच्यात पोरगी कावीळ झाल्यावानी दिसन." बाई उठून गेल्या. शेटजी दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. आठवड्याने त्याच बाई तीन जावांना घेऊन आल्या आणि दारातूनच विचारू लागल्या, ती काविळीवाली मावशी कुठं बसते?

घरी ताई पहाटे पाचला उठतात. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मुलगी रोझी पुण्यात नर्स आहे. दुपारी डबा उघडण्याआधी तिला फोन होतो आणि ती काय जेवली हे मग आम्हा सगळ्यांना कळतं. तिने भेंडी टाकून दिली हे मलाही माहीत असतं आणि शेटजींनाही.

त्या रोझीचं लग्न ठरलं. ताईंनी शेटजींकडे नवरीसाठी पांढरी साडी मागितली. शेटजींनी दबक्या आवाजात विचारलं, लग्नालाच ना? ताई म्हणाल्या, आमच्यात नवरी पांढरंच नेसते, तुम्ही घाबरू नका.

सुरतेच्या गठ्ठ्यात एक सापडली. पांढरं रेशीम, बारीक चांदीची बुट्टी. ताईंनी ती वरच्या फळीवर आपल्या नावाने ठेवली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खाली काढायच्या, पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, रोझी माझ्यापेक्षा उंच आहे, तिला अजून शोभेल. आम्ही सगळ्यांनी ती साडी इतक्या वेळा पाहिली की तिच्या बुट्ट्या पाठ झाल्या.

आता माझं सांगतो. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

लग्नाला पंधरा दिवस होते. लग्नाची नावं चर्चमध्ये आधी पुकारावी लागतात, त्याच्या कागदांसाठी ताई एक दिवस रजेवर होत्या. एक माणूस घाईने आला. त्याची आई सकाळीच गेली होती, तिच्यासाठी पांढरी साडी हवी होती. मी साध्या दाखवल्या. त्याने एकीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आईनं जनमभर अशाच नेसल्या. आता तरी चांगली द्या." माझी नजर वरच्या फळीकडे गेली. ती कोणाची आहे हे मला पक्कं माहीत होतं. दया आली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. शेटजी माझ्याकडे पाहत होते आणि त्यांना 'ही देता येणार नाही' म्हणायची छाती मला कधीच झालेली नाही. मी साडी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी ताईंचा हात फळीवर गेला आणि रिकामा खाली आला. मला विचारलं. मी म्हणालो, शेटजींनी गोदामात ठेवली असेल. त्या दुपारभर गोदामात गठ्ठे उपसत राहिल्या आणि मी खाली मान घालून घड्या घालत राहिलो. मी सुरतेला फोन करून पाहिला, तसली साडी आता येत नव्हती. चार दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, पोट बिघडलं का?

पाचव्या दिवशी ताईंनी नेहमीसारखा अर्धा ठेचा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला, आणि मी सगळं सांगून टाकलं.

त्यांचा घास हातातच राहिला. कोणी नेली, कशासाठी, एवढं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी घास डब्यात परत ठेवला.

"रोझीले ती नकोच होती, भाऊ. तिनं गाऊन ठरवला. दोन महिने झाले मले सांगून."

मी विचारलं, मग रोज खाली काढून आम्हाला का दाखवत होतात?

"फळीवर होती तवर वाटे, पोरगी येईन एखांद्या दिवशी, हात लावून पाहीन, म्हणन, मम्मी, हेच नेसते." त्या किंचित हसल्या. "तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही पाह्यलीच नसती."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं आणि डबा बंद केला.

"त्या म्हातारीले नेसवायले कोण होतं? सून असन?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"ते रेशीम लय सुळसुळीत असते. निऱ्या सुटतात. आतून टाचणी लावा लागते." त्या उठल्या, पदर सारखा केला. "त्या माणसाले थांबवाचं होतं, भाऊ. मी आली असती नेसवून द्याले."