अनोळखी स्वाराबाबतचे इतिवृत्त

आमच्या चित्रपट रसिक मंडळाच्या शनिवारच्या खेळाला एक अनोळखी गृहस्थ आले आणि पाहुण्यांच्या नोंदवहीत नावाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. मंडळाच्या चौतीस वर्षांत असं प्रथमच घडलं. ‘कोणाच्या ओळखीने’ या रकान्यात दुसरी रेघ होती. ‘येण्याचा उद्देश’ या रकान्यात मात्र त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘पाहणे’. नोंदवही माझ्या ताब्यात असते. मी मंडळाची चिटणीस. इतिवृत्त मी लिहिते, आणि जे इतिवृत्तात नाही ते मंडळात घडलेलंच नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

त्या महिन्यात वेस्टर्न चित्रपटांचा महोत्सव चालू होता. विषय, ‘सूड घेणारा अनोळखी स्वार’. चार शनिवार, चार चित्रपट, आणि चारांची गोष्ट साधारण एकच. धुळीने भरलेलं एक गाव असतं. भर रस्त्यात एका निरपराध माणसाला मरेस्तोवर मारतात आणि अख्खं गाव खिडक्यांच्या पडद्याआडून ते बघतं. मग एके दिवशी टोपी डोळ्यांवर ओढलेला एक स्वार येतो. त्याला नाव नसतं, तो फारसं बोलत नाही, त्याला गोळी लागत नाही. गावातल्या एकेकाला गाठून तो जाब विचारतो आणि आला तसा धुळीत विरून जातो. तो माणूस होता की मेलेल्याचं भूत, हे प्रेक्षकांनी नंतर चहा पिताना ठरवायचं असतं.

पहिल्या शनिवारी दिवे लागले तेव्हा अध्यक्षांचे डोळे पाणावले होते. अध्यक्ष वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले आहेत.

“काय भेकड गाव,” ते म्हणाले. “एकालाही पुढे व्हावंसं वाटू नये?”

“मी असते ना तिथे, तर...” खजिनदारबाई रुमाल शोधत म्हणाल्या.

“तर काय?” आमच्यातल्या प्राध्यापकांनी विचारलं.

“असते तर, म्हटलं. नव्हते ना मी.”

सभेने पडद्यावरील गावकऱ्यांचा एकमताने निषेध केला. ठराव माझ्या अक्षरात आहे.

ठराव होत होता तेव्हा मशीनकाका खाली वाचनालयाच्या बाकावर बसले होते. बावीस वर्षं त्यांनी मंडळाचं चित्रपट दाखवायचं मशीन चालवलं. दोन महिन्यांपूर्वी एका मध्यंतरात अध्यक्षांनी आपला कॉफीचा थर्मास मशीनवर ठेवला. मशीनकाका म्हणाले, “साहेब, तिथे नको, गरम असतं.” अध्यक्ष म्हणाले, “कॉफीही गरमच आहे.” थर्मास कलंडला, आत काहीतरी फुटलं आणि खेळ अर्ध्यावर थांबला. चौकशी झाली. ऑपरेटरचा निष्काळजीपणा, असा निष्कर्ष निघाला. त्या क्षणी आपण पडद्याकडे पाहत होतो, असं चाळीस सदस्यांनी लिहून दिलं. मध्यंतर असल्यामुळे पडदा कोरा होता. पण आमच्या सदस्यांची अभिरुचीच तशी उंच आहे. एकेचाळिसावी मी. मी डोळे मिटून जप करत होते, असं लिहून दिलं. जप मी पहाटेच उरकलेला असतो.

मशीनकाकांच्या जागी अध्यक्षांचे जावई आले. मशीनकाकांना गावातल्या शाळेच्या सभागृहात मशीनवर घ्यायला शाळा तयार होती, पण आमच्या पत्रातला ‘निष्काळजी’ हा शब्द आडवा आला.

“मला परत घेऊ नका, ताई,” ते मला जिन्यात गाठून म्हणायचे. “चूक माझी नव्हती, एवढी एक ओळ लिहून द्या. शाळावाले महिनाअखेरपर्यंत थांबलेत.”

“अर्ज करा ना, काका.”

“तीन केले.”

“मग ते विचाराधीन असतील.”

“ते कळलं. विचार कोण करतंय, तेवढं सांगा.”

ही माहिती माझ्याकडे नव्हती.

नोंदवहीत रेघ मारणारे गृहस्थ दुसऱ्या शनिवारी आले. लांब कोट, डोळ्यांवर उतरलेली टोपी. शेवटच्या रांगेतल्या डुगडुगत्या खुर्चीवर बसले. मध्यंतरात चहा पुढे केला, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. चर्चा चालू असताना ते एकेका चेहऱ्याकडे टक लावून बघायचे आणि छोट्या वहीत काहीतरी टिपायचे. चर्चा संपायच्या आत निघून गेले. जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

“माझ्याकडे बघून लिहिलं हो त्याने,” खजिनदारबाई म्हणाल्या.

“काय लिहिलं?”

“लांबून काय दिसणार? पण थोडंसंच लिहिलं.”

“सुटलात तुम्ही,” प्राध्यापक म्हणाले. “माझ्याकडे बघून त्याने पान उलटलं.”

त्यांची सावली पडते का, हा प्रश्न तिथेच निघाला. जावईबापूंनी साक्ष दिली, की ते मशीनच्या झोतासमोरून गेले तरी पडद्यावर सावली पडली नाही.

“वाकून गेले असतील,” मी म्हटलं.

“चिटणीसताई, आपल्या मंडळात चौतीस वर्षांत कोणी वाकून गेलंय का?”

गृहस्थ या जगातले नसावेत, याचा तो सर्वांत भक्कम पुरावा ठरला. ताबडतोब ‘भूत की माणूस उपसमिती’ नेमण्यात आली.

उपसमितीपुढे पहिली अडचण नियमांची आली. मयत व्यक्तीला खेळास बसू द्यावं की नाही, याबद्दल घटनेत तरतूद नाही. खजिनदारबाईंचं मत पडलं की देऊ नये. तेव्हा प्राध्यापकांनी हळूच लक्षात आणून दिलं, की आमच्या यादीत सात मयत सदस्य आहेत आणि त्यांना धरल्याशिवाय गणसंख्या पुरी होत नाही. प्रत्येक ठरावाला त्यांची मूक संमती आपण धरत आलो आहोत. मयतांना हरकत घेतली तर आजवरचे सगळे ठराव कोसळतील. मग असं ठरलं, की मेलेलं असणं हा काही दोष नाही. येण्यामागचा हेतू तेवढा शुद्ध हवा.

“पण तो आलाय कुणासाठी?” प्राध्यापकांनी विचारलं.

खजिनदारबाई पदर सारखा करत म्हणाल्या, “त्या थर्मासच्या भानगडीत तर नसेल?”

“चिटणीसताई, हे लिहू नका,” अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा मी लिहिलं नाही.

प्राध्यापकांनी मग शास्त्रशुद्ध मांडणी केली. या प्रकारच्या चित्रपटांत सूड घेणारा स्वार म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच भूत असतं. भूत व्हायला आधी मरावं लागतं. मशीनकाका मेले असतील तर चिंतेचं कारण आहे. जिवंत असतील तर हे भूत दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि आपला काही संबंध नाही.

“परवाच दिसले की बाकावर,” मी म्हटलं.

“परवाचं चालणार नाही,” अध्यक्ष म्हणाले. “आजच्या तारखेचं हवं. लेखी.”

म्हणून मी खाली गेले. मशीनकाका वर्तमानपत्राची घडी घालत होते. मी काम सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडूनच कागद आणि पेन घेतलं आणि लिहिलं, ‘मी आजच्या तारखेस हयात आहे.’ खाली सही केली.

“घ्या. तुमची ओळ झाली. माझी?”

“विचाराधीन आहे, काका.”

“मी मेलो असतो तर लवकर झालं असतं का हो?”

खोटं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. मी म्हटलं, “हो. उपसमितीने तातडीने घेतलं असतं.”

ते हसले. मला वाटलं होतं, रागावतील.

वर दाखला वाचून दाखवताच अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “तो हयात आहे म्हणजे अन्याय असा झालेलाच नाही,” ते म्हणाले, आणि उपसमितीने हा निष्कर्ष कायम केला.

तो पुढच्या शनिवारपर्यंतच टिकला. तिसऱ्या चित्रपटात स्वार गावच्या पुढाऱ्याला त्याच्याच घराच्या पायरीवर गाठतो. त्याच क्षणी मागची डुगडुगती खुर्ची करकरली. अध्यक्षांनी वळून पाहिलं, तर गृहस्थ त्यांच्याकडेच बघत होते आणि लिहीत होते. त्या आठवड्यात अध्यक्ष पुढची पायरी टाळून मागच्या दारानेच ये-जा करत होते, असं त्यांच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या. खजिनदारबाईंनी घराच्या खिडक्यांचे पडदे काढून धुवायला टाकले आणि परत लावले नाहीत.

शेवटी प्राध्यापकांनी तोडगा काढला. “आपण त्यांचा सत्कार करू. आजवर सत्कार घेतलेला माणूस सत्कार करणाऱ्याविरुद्ध कधी बोललेला नाही.”

“पण भूत?”

“त्यालाही स्मृतिचिन्ह कोणी दिलं नसेल. विरघळेल.”

चौथ्या शनिवारी खेळाआधी सत्कार झाला. स्मृतिचिन्हावर नाव काय घालायचं ते कळेना, म्हणून कारागिराने नावाच्या जागी आडवी रेघ कोरून दिली. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज खाली आला होता.

“आमच्या हातून,” ते म्हणाले, “विशेषतः थर्मासच्या संदर्भात, काही कमीजास्त झालं असेल, तर ते सगळं, अगदी लेखी, दुरुस्त करायला हे मंडळ तयार आहे.”

चाळीस माना एकदम हलल्या. आपण सगळं पाहिलं होतं, असं कुणीतरी मागून म्हणालंसुद्धा.

गृहस्थ उठले. त्यांनी टोपी काढली. खाली साधं टक्कल होतं आणि त्यावर सर्दीसाठी बांधलेला लोकरीचा पट्टा. “नमस्कार,” ते म्हणाले. “मी शाळेचा हेडक्लार्क. तुमच्या ऑपरेटरबद्दल गोपनीय चौकशी होती, म्हणून नाव लिहिलं नाही. चहाने मला पित्त होतं. बूट रबरी तळव्याचे आहेत.”

“हेडक्लार्क आहे हो,” खजिनदारबाई पुटपुटल्या. बातमी रांगेरांगेने मागे गेली आणि सगळ्या सभागृहाच्या जिवात जीव आला. कोणीतरी पुष्पगुच्छ परत टेबलाखाली सारला.

“माणूस मला कामाचा वाटतो,” हेडक्लार्क म्हणाले. “अडलंय ते तुमच्या पत्रावर. अध्यक्ष आत्ताच लेखी दुरुस्तीचं बोलले, बरं वाटलं. मला एक साक्षीदार पुरे आहे. थर्मास मशीनवर कोणी ठेवला, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी हात वर करावा.”

“मी ते औपचारिक बोललो,” अध्यक्ष खाली बसत म्हणाले. त्यांचा आवाज आता पूर्ववत झाला होता. “भाषणात तसं बोलण्याची पद्धत आहे.”

“दोन महिने झाले त्याला,” खजिनदारबाई म्हणाल्या. “कोणाच्या लक्षात राहणार?”

प्राध्यापकांनी, पाहणं म्हणजे नक्की काय, असा मूलभूत प्रश्न उपस्थित केला.

हात एकही वर झाला नाही. माझ्या उजव्या हातात पेन होतं आणि डाव्या हातात इतिवृत्ताची वही. लिहिणाऱ्याने मध्ये बोलू नये, असा संकेतही आहे.

हेडक्लार्कांनी वही मिटून खिशात घातली. “टोपी काढायला नको होती, असं दिसतंय,” ते म्हणाले. मग त्यांनी ती परत घातली. “मी आणखी आठ दिवस थांबतो. तोंडाने सांगायला अवघड वाटत असेल, तर जिन्याखाली सूचनांची पेटी आहे तिच्यात एक ओळ लिहून टाका. एकाने टाकली तरी मशीनकाका सोमवारी कामावर.”

ते गेल्यावर खेळ सुरू होईना. जावईबापूंनी रीळ चढवलं, ते उलटं निघालं. घोडे पाय वर करून धावू लागले. दुसऱ्यांदा रीळ अडकून करपण्याचा वास आला. अध्यक्ष म्हणाले, “खाली मशीनकाका असतील. त्यांना म्हणावं, दोन मिनिटं वर या. घरचेच आहेत.”

मशीनकाका आले. जावईबापूंना हाताने बाजूला केलं, रीळ सोडवलं, करपलेला तुकडा कापून टाकला, जोड दिला आणि रिळाची भोकं दात्यांवर एकेक बसवत गेले. चित्र लागलं, स्वच्छ आणि स्थिर. ते तसंच जिन्याने खाली गेले. समोरून जाताना वाकून गेले.

चौथा चित्रपट सर्वांत उत्तम होता. स्वाराने अख्ख्या गावाला रस्त्यावर उभं केलं तेव्हा आमच्या सदस्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गावकऱ्यांचा पुन्हा एकदा निषेध करण्यात आला, या वेळी अधिक कडक शब्दांत.

आज सातवा दिवस आहे. सकाळी पेटी मी उघडली. तेवीस चिठ्ठ्या निघाल्या. मी त्या दोनदा वाचल्या. तेवीसच्या तेवीस, चौथ्या चित्रपटातला स्वार भूत होता की माणूस, या विषयावर आहेत. तेरा भुताच्या बाजूने, दहा माणसाच्या. त्या दहांत एक माझी आहे.

सदर इतिवृत्त सर्वांना वाचण्यासाठी ठेवलं आहे, आणि आपण ते सवडीने, कोणी अडवत नसताना, इथवर वाचलंत. पेटीला कुलूप नसतं आणि चिठ्ठीवर नाव लागत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत टाकलीत तरी पोचेल. फक्त विषय कुठला, ते वर स्पष्ट लिहा.