उजवीकडचा कंट्रोल

कुठलीही गोष्ट नुसती पाठवून भालेरावकाकांचं समाधान होत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर 'सुप्रभात' टाकलं की पाठोपाठ त्यांचा फोन येतो, "पोचलं का?" मेसेजखाली निळ्या खुणा दिसतात की, असं मी एकदा म्हटलं. त्यावर उत्तर मिळालं, "खुणेवरून उघडल्याचं कळतं. वाचलं का, ते कसं कळणार?"

सगळी नोकरी त्यांनी खडकवासल्याच्या कालव्यावर काढली. वरून पाणी सुटलं की सायकल हाणत शेवटच्या फाट्यापर्यंत जायचं आणि ते तिथवर आलंय का, हे डोळ्यांनी बघायचं. निवृत्त होऊन कर्वेनगरात आले तरी सवय तीच. दूधवाल्याला त्यांनी बजावून ठेवलंय की पिशवी दाराला अडकवली म्हणजे दूध दिलं असं होत नाही.

त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मी नव्यानं राहायला आले आणि मी घरून कॉम्प्युटरचं काम करते, हे त्यांना कळलं. एका सकाळी ते दारात उभे. नवा लॅपटॉप घेतला होता, पण त्यावर त्यांना मराठी टायपिंगचा एक फार जुना प्रोग्राम हवा होता आणि तो काही केल्या चालत नव्हता. आता मराठी टाइप करायच्या किती सोप्या सोयी आहेत, ते मी सांगून पाहिलं. त्यांना सोय नको होती, तो प्रोग्राम हवा होता.

यावर एक उपाय असतो. व्हर्च्युअल मशीन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर चालवता येतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून मी तो बसवून दिला आणि समजावलं की बाहेरचा तो मालक, आतला भाडेकरू. कळ दाबली की आधी मालकाला कळतं, मग तो ती आत देतो. काकांचे डोळे चमकले. लॅपटॉपला त्यांनी घरातला एक जुना, जाडजूड कीबोर्ड जोडला होता. त्याची एकेक कळ दाबून ते आत काय उमटतं ते बघत बसले. दोन-तीन कळा भलतंच चिन्ह देत होत्या, कारण आतला कॉम्प्युटर तो कीबोर्ड परदेशी समजत होता. ते मी दुरुस्त केलं. शेवटी ते उजवीकडच्या कंट्रोलपाशी अडले.

"हा आत जात नाहीये."

ती कळ हे सॉफ्टवेअर स्वतःसाठी राखून ठेवतं, आतून बाहेर यायला, असं मी सांगितलं. डावीकडे दुसरा कंट्रोल आहेच, काम तेच होतं.

"डावा चालणार नाही," काका म्हणाले. का, ते सांगेनात. वर मलाच विचारलं की खोली भाड्यानं दिल्यावर मालकानं आतली एक खुंटी स्वतःकडे ठेवायची, हे कुठल्या करारात बसतं?

मला काही उलगडेना. काका टाइप करताना डावा हात मांडीखाली दाबून ठेवत. चुकून तो वर आला की स्वतःवरच चिडत. शिवाय त्यांना टायपिंग मुळीच येत नव्हतं, अक्षर शोधायलाच वेळ जाई. मग हाच प्रोग्राम आणि हीच कळ कशासाठी?

दुसऱ्या दिवशी मी ते राखीव काम वरच्या रांगेतल्या एका बिनकामाच्या कळेवर टाकलं. उजवा कंट्रोल मोकळा झाला. काकांनी एकाच हातानं तो धरून शेजारची कळ दाबली. जोडाक्षर उमटलं. त्यांनी पुन्हा दाबून खात्री केली, मग लॅपटॉप-कीबोर्डचा सगळा संसार उचलला आणि मला म्हणाले, "चल, आत ये."

आतल्या खोलीत सुमनकाकू खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं याच प्रोग्रामवर पुस्तकं टाइप केली होती. मागच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात गेला. बोलणं इतकं जड झालं की काकांनाही निम्मं कळेना. पुन्हा पुन्हा "काय म्हणालीस?" ऐकून काकूंनी हळूहळू बोलणंच सोडून दिलं. मोबाइल हातात दिला तर बाजूला सारला. काका मला म्हणाले, तिच्या बोटांना जे पाठ आहे, तेवढंच मागत होतो.

त्यांनी कीबोर्ड काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सुमन, ही मधुरा. समोर राहते. तुझा प्रोग्राम हिनं चालू केलाय."

काकूंनी कळांवरून नजर फिरवली. मग त्यांचा उजवा हात चालू लागला, आधी चाचपडत, नंतर सरळ. पडद्यावर ओळ आली:

'अहो, माझा हात गेलाय, कान शाबूत आहेत. वर्षभर ओरडताय.'

काकांनी ती चष्मा सावरून दोनदा वाचली. मग इतक्या हळू "बरं" म्हणाले की शेजारी उभं राहून मला ते जेमतेम ऐकू आलं. काकूंनी मान डोलावली आणि पुढची ओळ सुरू केली. काकांनी स्टूल ओढून घेतलं आणि त्यांच्याजवळ बसून ती पुरी व्हायची वाट बघू लागले.