रंगनाथअण्णांच्या मोकळ्या कोंबड्या

आमच्या सायखेड्यात रंगनाथअण्णांकडून गावरान कोंबडी घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं आहे. आधी बसवतात, पाणी देतात, मग चौकशी. "खाणार कोण? घरात आजारी कोण हाय? डाक्टरच्या गोळ्या पुऱ्या घेतल्या का मधीच सोडल्या?" एवढं होऊनही बरीच गिऱ्हाइकं रिकाम्या हाती परततात. "लहान हाय ती अजून. दिवाळीनंतर या." पिंपळगावचा एक हॉटेलवाला पन्नास कोंबड्या न्यायला टेम्पो घेऊन आला, तर अण्णा म्हणाले, "एवढ्यांची तर मला नावंबी पाठ नाय." टेम्पो तसाच गेला.

त्यांच्या कोंबड्या मळ्यात मोकळ्या हिंडतात. किडे, पाला, बाजरी, मिळेल ते टिपतात. "कोंबडी काय खाते ते आधी इचारा, भाव मागून," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. लोक हसतात. मीही हसायचो.

हेच अण्णा पूर्वी एका कंपनीसाठी ब्रॉयलर वाढवायचे. शेडमध्ये चार हजार पक्षी, पंख पसरायला जागा नाही. रोग येऊ नये म्हणून धडधाकट पक्ष्यांनाही पाण्यातून अँटिबायोटिक औषध. ते पाणी सुशीलाकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, द्यायच्या. एकदा त्यांच्या पायाला पत्रा लागला आणि जखम चिघळली. नाशिकच्या डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं. "जंतू या औषधांना दादच देत नाहीत," म्हणाले. शेडमुळेच झालं, असं ते म्हणाले नाहीत. अण्णांनीही विचारलं नाही. काकू गेल्या. त्यानंतर अण्णांनी शेड मोडलं.

गेल्या महिन्यात आई टायफॉइडमधून उठली, म्हणून मी कोंबडी मागायला गेलो. सगळी चौकशी झाली, पण कोंबडी काही मिळाली नाही. संध्याकाळी अण्णाच डबा घेऊन दारात. आत कोंबडीचा गरम आळणी रस्सा, बिनतिखटाचा, स्वतः रांधलेला. आई पिते की नाही ते बघत समोर बसून राहिले.

"अण्णा, तुम्हीही घ्या की वाटीभर," आई म्हणाली.

त्यांनी नको म्हणून मान हलवली. म्हणाले, "सुशीला दवाखान्यात आळणीच मागत व्हती. घरी चार हजार कोंबड्या. पण त्यातली एक तिला रांधून द्यायची माझी हिंमत झाली नाय."

आईनं दुसरी वाटी भरून त्यांच्या हातात दिली. अण्णा ती दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसले. मग हळूच तोंडाला लावली.