डोहवाडीस पाणी आले, त्याबाबतचा खुलासा

माणूस कशाने रडतो, याची एकत्रित माहिती शासनाकडे उपलब्ध नाही. पिकांची आहे, जनावरांची आहे, बोअरची तर चालू, बंद आणि कागदावर चालू अशी तीन रकान्यांत आहे. रडण्याचा रकाना मात्र कुणाला सुचला नाही. ही उणीव मी डोहवाडीपुरती भरून काढली, आणि त्याबद्दल मला नोटीस मिळालेली आहे.

मी डोहवाडीचा ग्रामसेवक. युसूफ वडगावकडून केजकडे जाताना उजव्या हाताला फाटा लागतो, तिथून आत अडीच किलोमीटर. (डोह कधी होता याची नोंद सापडत नाही. नाव आधी ठेवलं आणि पाण्याचं नंतर बघू म्हणून राहून गेलं असावं.) गावची माणसं कणखर. माझ्या तीन वर्षांच्या निरीक्षणाचा तपशील खालीलप्रमाणे:

सार्वजनिक बोअर आटली. रडणारे: शून्य.
बेचाळीस कुटुंबं ऊसतोडीला गेली, म्हातारी माणसं आणि लेकरं मागे राहिली. रडणारे: शून्य. तंबाखू मळणारे: बरेच.
सरपंचपदाची निवडणूक. रडणारा: एक, पडलेला उमेदवार, तोही दार लावून, तोही ऐकीव.

अशा गावात मार्चच्या दुसऱ्या शनिवारी भर दुपारी, शाळेत, अकरा मिनिटांच्या आत, एकशे त्रेचाळीस माणसं रडली. कारण: अस्वल.

झालं असं की शाळेला प्रोजेक्टर मिळाला. त्याची वायर तुटकी होती, ती फाट्यावरच्या इसाकभाई मेकॅनिकने ट्रॅक्टरची वायर लावून जोडली. शिक्षिका वैष्णवी मॅडमनी खिडक्यांना खताची पोती लावून अंधार केला आणि मुलांसाठी एक परदेशी कार्टून लावलं. मुलांसोबत आज्या आल्या, आज्यांमागे आजोबा आले, आणि गर्दी दिसली म्हणून सरपंच आप्पाराव आले. गर्दी दिसली की ते येतातच, त्यात त्यांचा दोष नाही.

चित्रपटाची कथा मी शासकीय भाषेतच सांगतो, कारण ती भाषा सोडली की काय होतं हे मला ठाऊक आहे. अस्वलाचं एक पिल्लू असतं. त्याला वाऱ्याने उडालेली एक लोकरीची टोपी सापडते. टोपीला वरच्या अंगाला दोन लांब पिशव्या. पिल्लू बर्फातून घरोघर जाऊन विचारतं, ही तुमची का? बदक नाही म्हणतं. घुबड नाही म्हणतं. शेवटच्या घरात एक म्हातारी सशीण कान पोटाशी धरून बसलेली असते. टोपी तिची. समाप्त.

मारामारी शून्य, खलनायक शून्य, बांधाचा वाद शून्य. अशा कथेत गुंतून पडायला जागाच नाही, असं कुणीही म्हणेल. पण चित्रपट कुठल्या भाषेत होता ते कुणाला कळेना, म्हणून मॅडम माइक घेऊन प्रत्येक प्राण्याचं बोलणं मराठीत सांगत होत्या. मॅडम शिरूर कासारच्या, तिकडे दारात आलेल्याला आधी जेवणाचं विचारतात. सशिणीने दार उघडलं, बर्फाने भिजलेल्या पिल्लाकडे बघितलं, आणि मॅडम म्हणाल्या, "ये बाबा आत. जेवलास का?"

(मूळ भाषेत सशीण एकच शब्द बोलते, हे नंतरच्या चौकशीत सिद्ध झालं. 'ये'. उरलेले चार मॅडमनी पदरचे घातले. त्यासाठी मंजुरी घेतली नव्हती.)

खोलीत आधी कुणीतरी नाक शिंकरलं, आणि मग धरण फुटलं. दीडशे एकर जमिनीचे मालक, ज्यांच्या खाकरण्याने ग्रामसभा संपते, ते आप्पाराव उपरण्यात तोंड घालून हुंदके देत होते. दिवा लागल्यावर त्यांनी जाहीर केलं, "पोत्याची धूळ गेली डोळ्यात." एकशे बेचाळीस जणांनी लगेच दुजोरा दिला. डोहवाडीत एखादा ठराव एकमताने मंजूर झाल्याचं ते माझ्या कारकिर्दीतलं एकमेव उदाहरण.

आता अहवाल लिहिणं आलं. सरपंच रडले, असं शासकीय कागदावर लिहिता येत नाही. तसा नियम नाही, पण हात धजत नाही. त्यात आप्पाराव स्वतः कार्यालयात आले.

"भाऊसाहेब, रडलो बिडलो लिवू नका. समोरच्या पॅनलवाले बोर्ड लावत्याल चौकात."

"मग काय लिहू?"

"पाणी आलं म्हणून लिवा. तेवढं बास हाय."

मी लिहिलं: 'शाळेत आयोजित कार्यक्रमात उपस्थित सर्व १४३ ग्रामस्थांना पाणी आले. लहान मुलांना जास्त आले.' डोळ्यांचा उल्लेख मी सभ्यपणे टाळला. असं नेमकं लेखन मी क्वचितच केलेलं आहे.

टँकर ज्या कार्यालयाच्या हातात असतात त्याचं नाव मी घेत नाही, थोरामोठ्यांचं घेऊ नये म्हणून. शासन अहवाल वाचत नाही, असं म्हणणाऱ्यांनी पुढची दोन वाक्यं सावकाश वाचावीत. डोहवाडीला टँकर सुरू करायला या कार्यालयाला बावन्न दिवस लागले होते. बंद करायला दीड दिवस लागला. आदेशात म्हटलं होतं: 'मौजे डोहवाडी येथे पाणी आल्याचे व बालकांना विशेष पुरवठा झाल्याचे दिसून येते. सबब टँकर बंद.'

गावात सत्तरीच्या छबुबाई राहतात. लेक आणि सून ऊसतोडीला, घरी दोन नातवंडं. टँकर थांबल्यापासून त्या सकाळी फाट्यावर इसाकभाईच्या बोअरवर जाऊ लागल्या, एक हंडा डोक्यावर, एक काखेत, जाऊन येऊन पाच किलोमीटर. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या.

"डोळ्याचं पाणी न् हंड्याचं पाणी येगळं असतंय. वरच्या लोकांला कावून कळंना?"

मी त्यांना समजावलं की कार्यालयात दोन्हींचं शुद्धलेखन एकच आहे. त्यांनी ते मान्य केलं नाही, पण हंडे उचलले.

मी दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं की प्रत्यक्ष पाहणी होईल. ज्या प्रकारे पाणी आल्याचं कळवलं आहे त्याच प्रकारे, तितक्याच लोकांना, अधिकाऱ्यासमक्ष ते पुन्हा यावं. न आल्यास पहिलं पाणी खरोखरचं होतं असं समजून टँकर कायमचा बंद करण्यात येईल. या तर्कात मला आजही चूक सापडलेली नाही.

बाराव्या दिवशी पाहणी अधिकारी परमेश्वरराव केजहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून आले. (परमेश्वर येणार म्हटल्यावर गावाला आधी फारच धीर आला होता.) सोबत नऊ रकान्यांचा तक्ता. नाव, वय, कोणता डोळा, पाणी येण्याची वेळ, अंदाजे प्रमाण, पिण्यायोग्य आहे काय, असे सगळे मुद्दे त्यात होते. 'पिण्यायोग्य'समोर मी आदल्या दिवशीच सगळ्यांचं 'खारट' लिहून ठेवलं होतं, तेवढाच साहेबांचा वेळ वाचावा.

आप्पारावांनी सकाळी गाव गोळा केलं. "टँकरसाठी रडायचं हाय. लाजायचं न्हाई. मी सुरुवात करतो, मग तुमी करा. मला एकट्याला उघडं पाडू नका." सार्वजनिक जीवनात एवढा त्याग मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

पोती लावली. अस्वल निघालं. बदक नाही म्हणालं, घुबड नाही म्हणालं. एकशे त्रेचाळीस माणसं डोळे ताणून पडद्याकडे बघत होती, आणि एकाच्याही डोळ्याला ओल येईना. रडायचंच म्हणून बसलं की रडू येत नाही, हे आधी आमच्या ध्यानात आलं नव्हतं. आप्पाराव तोंड वेडंवाकडं करून थकले. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या तात्याबांनी धोतरातून कांदा काढला, तो साहेबांनी जप्त केला आणि 'कांदाजन्य पाणी अपात्र' असा शेरा मारला. तक्त्यावर निरंक, निरंक, निरंक असं उतरत चाललं.

"बारा दिस झाले टँकर न्हाई, साहेब," छबुबाई म्हणाल्या. "डोळ्याला तरी यावं कुठून?"

साहेबांनी तेही लिहून घेतलं, शेऱ्याच्या रकान्यात.

तेवढ्यात सशिणीने दार उघडलं. मॅडमचा आवाज थोडा थरथरत होता, पोरांच्या पाण्याचा निकाल लागायचा होता ना. "ये बाबा आत," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"

पेन खाली पडल्याचा आवाज आला. पेन साहेबांचं होतं.

परमेश्वररावांची नोकरी सत्तावीस वर्षांची. इतक्या वर्षांत प्रत्येक गावाने त्यांना जेवू घातलं आहे. साहेब, जेवण तयार आहे. साहेब, हात धुवा. जेवलात का साहेब, असंही पुष्कळांनी विचारलं. पण 'जेवलास का'? शेवटी 'स' लावून विचारणारी त्यांची आई होती, आणि ती गेली तेव्हा ते अशाच एका पाहणीवर होते. हे त्यांनी मला नंतर पोत्याआड उभं राहून सांगितलं. त्या वेळी मात्र ते नऊ रकान्यांच्या तक्त्याने डोळे पुसत होते.

साहेबांना रडताना पाहून आप्पारावांचा बांध फुटला. मग तात्याबांचा, बिनकांद्याचा. मग सगळ्या गावाचा. लोक रडत होते आणि रडू आलं म्हणून हसत होते, एकमेकांना टाळ्या देत होते, पोरं बाकांवर नाचत होती, आणि इसाकभाई ओरडून सांगत होते, "साहेब, लिवून घ्या, लिवून घ्या, उजव्या डोळ्याला लई हाय." मीही रडलो. ग्रामसेवकाला तशी मनाई नाही, मी नियम पाहून घेतला आहे.

का रडलो, यावर मी बराच विचार केला. चित्रातल्या सशिणीला आडनाव नसतं, पॅनल नसतं. आमच्या दारात कुणी आलं की आम्ही आधी मनात म्हणतो, याला काय पाहिजे असेल? तिने तसं म्हटलं नाही. बिनकामाची माया समोर आली की तिचं काय करायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मग हात रिकामे राहतात आणि डोळे भरतात. एवढं सरळ आहे, आणि हे लिहितानाही मला जड जातंय.

सायंकाळी साहेबांनी माझ्या टेबलावर अहवाल लिहिला. आधी लिहिलं, 'सर्वांच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही.' मग पुन्हा पेन उचललं. "भाऊसाहेब, सत्तावीस वर्षांची नोकरी आहे. डोळे नको." त्यांनी डोळे खोडले. उरलं ते असं: 'प्रत्यक्ष पाहणीवेळी सर्वांना पाणी आले. मलाही आले.'

दीड दिवसाने आदेश आला. पाहुण्या अधिकाऱ्यासही पुरेल इतकं मुबलक पाणी असल्याने डोहवाडी टँकरमुक्त घोषित झाली. सोबत प्रमाणपत्र होतं, फ्रेमसहित. ते शाळेत लावलेलं आहे. चुकीचं कळवल्याबद्दलची नोटीस मला वेगळ्या पाकिटातून आली.

छबुबाई आज सकाळीही फाट्यावर गेल्या होत्या. सत्तर वर्षं, दोन हंडे, पाच किलोमीटर, हे मी आपल्याला मघाशी सांगितलं, तेव्हा आपण पुढचं वाक्य वाचायला घेतलंत. पिल्लाच्या टोपीपाशी मात्र आपण जरा रेंगाळलात. आपल्याला मी दोष देत नाही, मीही त्यांना जेवलात का म्हणून कधी विचारलेलं नाही. छबुबाईंचे कान लांब नाहीत, आणि त्यांचं चित्र अजून कुणी काढलेलं नाही.