दरवाज्यापर्यंतची जर्मनी

समस्त पश्चिम खानदेशातल्या थोरामोठ्यांना, बायाबापड्यांना आणि विशेषतः कुणाच्याही ओट्यासमोर तासन्‌तास उभं राहायची ज्यांना सवय आहे अशा सर्व सज्जनांना एक अत्यंत गंभीर वार्ता कळवणं माझं कर्तव्य आहे. जे उभे असतील त्यांनी आधी बसून घ्यावं. जर्मनी नावाच्या देशात उभं राहायला पैसे पडतात! बसायला तर त्याहून जास्त.

ही वार्ता माझी नव्हे. ती नंदुरबारात आणली झिपरूआप्पा मिस्त्रींनी, आणि आणल्या दिवसापासून इतक्यांदा वाटली की ते पेढे असते तर अख्खं गाव आजारी पडलं असतं.

आप्पा आमच्या जिनाचे फिटर. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. मी तिथे वजनकाट्यावरचा कारकून. आप्पा मूळचे धानोऱ्याचे. गळ्यात तुळशीची माळ, अंगात बंडी, टोपीवर दोन बोटांचा काळा डाग, कारण विचार करताना टोपी मागे सारायची सवय आणि हात कायम तेलाचे. जर्मनीशी झालेल्या मोठ्या लढाईला दहाएक वर्षं झाली होती. शेठजींनी जर्मनीचं ऑइल इंजिन मागवलं, तेव्हा तिथल्या कारखान्यानं कळवलं की एक माणूस पाठवा, सहा महिन्यांत तयार करून देतो. खरा जाणार होता शेठजींचा मुलगा. तो सुरतेला जाऊन समुद्र पाहून आला आणि आल्यापासून त्याच्या पोटात दुखू लागलं. मग शेठजी म्हणाले, "मिस्त्री, तू जाय."

आप्पांनी एकच प्रश्न विचारला. "तठे लसूणनी चटणी भेटस का?"

मिळत नाही असं कळल्यावर त्यांनी एक डबा भरून घेतला आणि निघाले. तिथे बोलत कसे, हे मी त्यांना पुढे विचारलं होतं. आप्पा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "इंजिन कोनती भाषा बोलस? तीच."

परत आले ते तिकिटाचं वेड घेऊन. कापसाच्या गाठींना लावायच्या चिठ्ठ्या असतात ना, त्यांतल्या खराब झालेल्या ते घरी नेत आणि कात्रीनं त्यांची तिकिटं कापत. पिवळं उभं राहायचं, पांढरं बसायचं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जर्मनीच्या गोष्टी ऐकायला माणसं जमत, त्यांना हे तिकीट घ्यावंच लागे. पैसा एक नाही, पण तिकिटावाचून प्रवेशही नाही. एकदा त्यांचे व्याही आले. बैलगाडीतून उतरून ओट्याची पायरी चढतात तोच आप्पांनी हात आडवा केला.

"व्याही, तिकीट शे का?"

"अहो, मी तुम्हनी सूनना बाप शे!"

"ते खरं शे. उभं का बठेल?"

व्याही तापट म्हणून प्रसिद्ध होते. सगळ्यांना वाटलं, आता सोयरीक तुटते. पण त्यांनी क्षणभर विचार केला, पांढरं तिकीट घेतलं आणि पागोट्यात खोचून बसले. जेवायला आत गेले तेव्हाही ते पागोट्यातच होतं, न जाणो, पाटावर बसायलाही लागेल.

आणि या ओट्यावर कितीही गोष्टी निघाल्या, तरी शेवटी मंडळी एकाच गोष्टीवर येत. फुटबॉलच्या मॅचचं तिकीट आप्पांनी कसं मिळवलं?

गोष्ट अशी. त्या कारखान्यातले कामगार दर सोमवारी फक्त आदल्या दिवशीच्या मॅचबद्दल बोलत. आप्पांनाही वाटलं, बघावी एकदा. तिकीट कुठे मिळतं म्हणून त्यांनी खुणेनं विचारलं. कामगार म्हणाले, सिगारच्या दुकानात. "माले वाटनं, पाव्हनानी मस्करी करी ऱ्हायनात," आप्पा सांगत. कुस्तीचा फड बघायला जाणारा माणूस आधी तंबाखूच्या दुकानात जातो का? पण तिथली रीतच तशी. मॅचची तिकिटं सिगारवाल्याकडे.

आप्पा गेले. दुकानदारानं मान हलवली. तिकिटं आधी क्लबच्या सभासदांना, मग जुन्या गिऱ्हाइकांना आणि त्यातूनही उरली तर परक्यांना. उरत नसत. हे सगळं ठीक होतं, पण दुकानाची पायरी चढायची आणि रिकाम्या हातानं उतरायची म्हणजे दुकानदाराचा अपमान, हे धानोऱ्याचं पोरही जाणतं. आप्पांनी एक सिगार घेतली. माळकरी माणूस! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा मान, पुन्हा सिगार. पुढे पुढे तर आप्पा दारात दिसले की दुकानदार मान हलवता हलवताच सिगारची पेटी खाली काढायचा. तीन आठवड्यांत आप्पांपाशी अठरा सिगारी जमल्या आणि तिकीट शून्य.

त्या सिगारी इकडे येऊन पोहोचल्या. धानोऱ्याच्या पाटलांनी त्यातली एक चिलमीसारखी एका दमात ओढली आणि ते दोन दिवस खाटेवरून उठले नाहीत. उठल्यावर त्यांनी आपलं मत दिलं, "जे लोके हाई पेतस, त्यासनासंगे लढाई करो नही."

तर शेवटी आप्पांना तिकीट दिलं ते ओटोदादांनी. ओटो हे त्यांचे म्हातारे फोरमन. आप्पा त्यांच्याच घरी उतरले होते, म्हणून ओटोदादा. गव्हाच्या पेंढीसारख्या मिशा. एका शनिवारी जेवताना त्यांनी खिशातून तिकीट काढलं आणि आप्पांच्या ताटात पोळी वाढावी तसं वाढलं. मग रविवार. मग आप्पांचा उसना कोट. मग रस्त्यानं जाताना गर्दी, "जशी सारंगखेडानी यात्रा, पन घोडा एक बी नही!" मग उंच भिंत, मग लोखंडी दरवाजा, मग रांग, मग आप्पांच्या पुढे तीन माणसं, दोन माणसं, एक माणूस...

"अन् मंग?"

"मंग काय? मंग मॅच झायी."

एवढं बोलून आप्पा धोतर झटकत उठायचे आणि घरात जायचे.

सात वर्षं! सात वर्षं गोष्ट दरवाज्यापर्यंत यायची आणि तिथे आटोपायची. लोकांनी सगळे उपाय केले. "गोल कितला व्हयनात?" विचारलं, तर "व्हयनात." "कोन जिकनं?" तर "जो चांगला खेळना तो." मला तर रात्री अंथरुणात आठवण होऊन चीड यायची. माझ्या पोटात कुणाची गोष्ट राहत नाही, हे गाव जाणतं. पण जी गोष्ट मला पुरती मिळालीच नाही ती मी पुढे कशी नेणार?

आणि अशात फुटबॉलच नंदुरबारला आला.

दसरा झाला होता, कापूस यायला अवकाश होता. जिनाचं आवार रिकामं होतं आणि त्याला चांगली पुरुषभर उंच भिंत होती. तिथे स्टेशनावरची मंडळी आणि चिंचपाड्याकडची पोरं यांचा सामना ठरला. अध्यक्ष मामलेदारसाहेब. ते नवेच बदलून आले होते, देशावरचे होते, आणि फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण जर्मनीत मॅच पाहिलेला एक मनुष्य या गावात आहे, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. (कुणी घातलं असेल, ते मी सांगत नाही.) त्यांनी फर्मावलं, मिस्त्रींनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसावं आणि मला खेळ समजावून सांगावा.

हा निरोप घेऊन मी स्वतः गेलो. आता दरवाजा उघडणार होता, आणि तोही सगळ्या गावासमोर! आप्पा इंजिनापाशी होते. निरोप ऐकून त्यांच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"माले गेट सांभायनं शे," खालूनच म्हणाले.

सामन्याच्या दिवशी आप्पांनी गेट सांभाळलं, आणि काय सांभाळलं! हजार माणूस आलं असेल, पण एकजण तिकिटाशिवाय आत गेला नाही. भिंतीबाहेर तीन कडुनिंब होते. त्यांवर पोरं चढू लागली तशी आप्पांनी खिशातून हिरव्या चिठ्ठ्या काढल्या. "निंबवर? हाई ले, निंबनं तिकीट." वरच्या फांदीवर बसलेल्यांना त्यांनी ती काठीच्या टोकाला लावून पोचती केली.

खेळ सुरू झाला. मामलेदारांच्या शेजारची खुर्ची रिकामी. ते एकदा चेंडूकडे बघत, एकदा खुर्चीकडे. शिपाई दोनदा जाऊन हात हलवत परत आला. मग मी उठलो.

बाहेर गेटपाशी कुणी नव्हतं. आप्पा जरा पलीकडे, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर पाय पसरून बसले होते.

"आप्पा, सायेब वाट दखी ऱ्हायनात."

"दखू दे."

"अहो, खेळ समजाडाना शे फक्त. तुम्ही ते जर्मनीमा दखेल शे!"

तेवढ्यात आत मोठा ओरडा झाला. आप्पांनी मान तिरकी केली. "बाहेर गया चेंडू."

"कसं समजनं?"

"गोल व्हयना म्हंजे आवाज लांब जास. हाऊ मधमाच तुटना." मग त्यांनी टोपी मागे सारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, मी मॅच दखेलच नही."

मी दोनच शब्द बोललो, "अन् मंग?" माझ्या आयुष्यात हे फारसं घडलेलं नाही.

सात वर्षं मी ज्या दरवाज्याशी थांबलो होतो, तो आप्पांनी मग उघडला. रांगेत पुढे एक माणूस राहिला तेव्हा ओटोदादांनी आप्पांचा खांदा थोपटला आणि स्वतः मागे वळले. तेव्हा आप्पांच्या ध्यानात आलं की म्हाताऱ्यानं दिलेलं तिकीट त्याचं स्वतःचं होतं, आणि दुसरं त्याच्याकडे नव्हतं. तीस वर्षांत ज्यानं एक रविवार चुकवला नाही, तो आता घरी निघाला होता.

"यजमान रस्तावर, अन् पाव्हना मझार? असं कोठे ऱ्हास का, भाऊ?"

आप्पा रांगेतून बाहेर आले. तिकीट ओटोदादांच्या हातात कोंबलं. त्यांनी परत आप्पांच्या खिशात घातलं. "मी म्हनू तू जाय, तो म्हने तू जाय. त्याले मन्ही भाषा समजे ना, माले त्यानी. पन भांडन बराबर चालनं." भांडता भांडता अर्धी मॅच संपली. मग दोघं दमले आणि त्या उंच भिंतीला टेकून खाली बसले. ओटोदादांनी पाव काढला, आप्पांनी चटणी काढली. आत ओरडा झाला की म्हातारा हातवारे करून सांगायचा, हा गोल, हा हुकला, ही शिट्टी. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चटणीनं उनं का कसानं, माले आजलोंग समजनं नही. पन त्यानी चटणी परत मांगी."

"मग हे सांगितलं का नाही?" मी इतका चकित होतो की शुद्ध मराठीत विचारलं.

आप्पा जर्मनीहून परत आले तेव्हा स्टेशनावर डफ वाजत होते, शेठजींना पत्रातून तिकिटाचं कळलं होतं, त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, मॅच दखी का? आणि आप्पांच्या तोंडून "हां" गेला. पुढे तो परत घ्यायची सोय राहिली नाही. "माले हसतीन ते चाली जाई. पन लोके ओटोदादाले हसतीन. म्हनतीन, तिकीट देईसन रस्तावर बठना, कसा येडा मानूस!" मग ते म्हणाले, "मन्हा ओटावर पन्नास लोके येतस, भाऊ. पन मन्हासाठे बाहेर बठनारा तो एकच."

माझं धोतर त्या दिवशी परीटघडीचं होतं. मी खाली बसलो.

थोडा वेळ आम्ही आवाज ऐकले. पण आत मामलेदार होते, आणि आप्पांची सात वर्षांची इभ्रत त्या रिकाम्या खुर्चीवर टांगली होती. म्हणून मी माझ्या हातखंड्याच्या कामाला लागलो. पाच मिनिटांत मी आप्पांना एक अख्खी जर्मन मॅच रचून दिली. तिसरी रांग, उजवी बाजू. गोल पाच. चौथा गोल एका टकल्यानं मारला. आप्पा शाळेतल्या पोरासारखे घोकू लागले, "तिसरी रांग, पाच गोल, टकल्या. तिसरी रांग, पाच गोल..."

तोच गेट करकरलं आणि मामलेदारसाहेब स्वतःच बाहेर आले. मागे शिपाई, शिपायामागे शेठजी, शेठजींमागे निम्मं गाव. निंबावरची पोरंसुद्धा खेळाकडे पाठ करून आमच्याकडे वळली.

"अहो मिस्त्री, तुम्ही इथे? आत सगळे ओरडताहेत आणि का ओरडताहेत ते मला कळत नाही. निदान एवढं तरी सांगा, जर्मनीत तुम्ही बसला होता कुठे? म्हणजे आपली खुर्ची योग्य जागी आहे का ते बघू."

"तिसरी रांग," मी पुटपुटलो.

आप्पा उठले. धोतराची माती झटकली, टोपी सरळ केली, हात जोडले. "ति..." असा ओठ हललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पण पुढे जे बाहेर पडलं ते मामलेदारांनी ऐकलं, शेठजींनी ऐकलं आणि तिन्ही निंबांनी ऐकलं.

"बाहेर, सायेब! भीतले पाठ लाईसन, मन्हा ओटोदादानासंगे!"